सात वगळून

मंगळवारी आणि शुक्रवारी, साडेनऊला,
डिचोलीच्या बाजारामागच्या हॉलमध्ये
आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडतो.
एकाआड एक : हलणारं माणूस, धरणारं माणूस.
नवखं कुणी दारातून डोकावलं
तर कोण कुठलं, पटकन कळायचं नाही.

लादीवर पिवळ्या चिकटपट्टीच्या रेघा आहेत.
ह्यांचे पाय सपाट लादीवर रुततात,
रेघ दिसली की मात्र ओलांडतात.
का, ते डॉक्टरांनी दोनदा सांगितलं.
मी दोनदा मान हलवली.

तीस वर्षं नार्वे-दिवाडीची फेरीबोट चालवली ह्यांनी.
पाण्यात कधी अडले नाहीत,
आणि आता हॉलच्या उंबऱ्याशी अडतात.
मागे माणसं तटतात.
मी कानाशी लागून म्हणते, "रॅम्प पडला."
मग डावा पाय उचलतो,
पहिली स्कूटर उतरावी तसा.

शिकवणारी ग्लेनिस, हळदोण्याची,
माझ्या धाकटीहून लहान.
"हात वयर," म्हणते, "आंबे काडात!"
आणि आम्ही सगळे छताचे नसलेले आंबे काढतो.
कुस्तोदियोचे सर्वांत जास्त थरथरतात.
तो म्हणतो, माझ्याच झाडाला वारा आहे, काय करू?
शेवंती पर्येकर बसूनच काढते, खालच्या फांदीचे.
पस्तिशीची आहे.
तिचा नवरा तिच्याकडे नाही, घड्याळाकडे बघतो.
आम्ही त्याला नावं ठेवायचो.
मग एकदा पायरीवर
तो तिच्या चपलेचा पट्टा लावताना दिसला,
दोनदा उघडून, पुन्हा नीट लावताना,
तेव्हापासून गप्प आहोत.

मोजायचं काम शाणू मास्तरांचं.
झटक्यात त्यांचे सगळे शब्द गेले,
बायकोचं नाव गेलं, पाण्याचं नाव गेलं,
आकडे तेवढे राहिले, रांगेत उभे.
एक, दोन, तीन, खणखणीत,
चार, पाच, सहा,
आठ.

सात येत नाही.
पहिल्या दिवशी त्यांच्या बायकोने हळूच पुरवला.
मास्तर थांबले. तिच्याकडे पाहिलं,
वर्गात मध्येच बोलणाऱ्या पोराकडे पाहावं तसं,
आणि पुन्हा एकपासून सुरू.
आता कुणी सुचवत नाही.
सहानंतर आमचे हात थेट आठाला जातात.
त्या हॉलात दहाचे नऊच होतात
आणि पुरतात.

गेल्या शुक्रवारी ग्लेनिस म्हणाली,
"आयज तुमी बसात, वयनी."
बसल्यावर ध्यानात आलं,
खुर्ची असूनही मी इथे कधी टेकलेच नव्हते,
नुसती काठावर असायचे, उठण्याच्या बेतात.
ह्यांनी मागून माझे दोन्ही खांदे धरले.
हात कापत होते.
धक्क्याला लागण्याआधी
इंजिनाची थरथर लोखंडी कठड्यातून
तळव्यात यायची, तशी.
लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तोच कठडा धरून
मी दिवाडीला उतरले होते.

"सकयल सोड," ते म्हणाले.
कुणाला म्हणतात, म्हणून मी वळून पाहिलं.
मलाच.
उजवा खांदा कानापर्यंत चढला होता,
कोण जाणे किती वर्षं.
मास्तरांनी मोजायला घेतलं.
पाचाला तो जरा उतरला,
आठाला पुन्हा चढला.
ह्यांनी हात काढला नाही.

रात्री डबीत गोळ्या भरते.
परवा पट्टी मोजली,
चार, पाच, सहा, आठ...
दहाची पट्टी अकरा भरली.
दुकानदार एक जास्त देतो की काय, म्हणून पुन्हा मोजली,
पुन्हा अकरा.
ह्यांना सांगितलं.
ह्यांचा चेहरा हल्ली हसत नाही,
तिथले स्नायू ऐकत नाहीत.
पण चादरीखाली पोट हललं,
मी पाहिलं,
बराच वेळ हलत होतं.