एकोणचाळीस

साखरी नाटे बंदरातल्या चाळीस होड्यांवर
चाळीस डबे मीच बसवले.
वीतभर डबा, वर हिरवा दिवा.
"तांडेलानं नुसतं बसून राहायचं," मी सांगायचो.
ते हसायचे, बिडी पेटवायचे,
आणि खरंच बसून राहायचे.

पहिल्या वर्षी डब्याला विचारून जाळं टाकलं.
दुसऱ्या वर्षी विचारून नांगर.
पुढे यशवंतगडाचा बुरूज
कुठल्या माडाआड गेला की सुकाणू फिरवायचं
हे कुणी कुणाला सांगितलंच नाही.
सांगणारे होते, अजून आहेत, ओट्यावर बसून असतात.
विचारायला कुणी गेलं नाही.

चौथ्या वर्षी घरच्यांसाठी नवी सोय आली.
दिवेलागणीला डबा आपणहून फोन लावी,
ज्याच्या त्याच्या आवाजात:
"पोचलो गं. आज बोटीवरच निजतो. जेवून घे."
इम्तियाजचा खोकला, वाक्याआधीचा,
तोसुद्धा जसाच्या तसा.
माणसं दमलेली असतात, कंपनी म्हणाली,
तेवढंच बोलणं वाचतं.
बायकांनी पुळणीवर यायचं सोडलं.

एक हाजरा सोलकर येत राहिली.
लिलावाची बाई. टोपल्या, नोटा, होड्या,
सगळं बोटांच्या पेरांवर.
नारळी पौर्णिमेनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात
ती माझ्या खोलीच्या दारात उभी, पाय ओले.
"येक कमी हाय."
मी पडद्याकडे पाहिलं. हिरवे ठिपके.
"चाळीस आहेत, चाची."
"येकूणचाळीस."
"चाळीस."
ती बघत राहिली,
आंधळ्याला नुसती वाट सांगावी
की सरळ हात धरावा, अशी.

माझ्या पाठीमागे खिडकी होती.
सबंध बंदर दिसतं तिच्यातून.
मी वळलो नाही.
खिडकीचं काय, मला वाटलं,
खिडकी कुठे अपडेट होते.

काय झालं ते अजून कळलेलं नाही.
कशेळीच्या कड्याखाली एक निळी फळी मिळाली,
'नूर-ए-दर्या'तलं 'नूर' तेवढं उरलेलं.
इम्तियाज, आणि दोन खलाशी
ज्यांची नावं डब्यात होती, माझ्या तोंडात नव्हती.
आणि डबा?
डब्यानं चारही रात्री होडी बंदरात उभी केली होती,
दिवा हिरवा, नांगर टाकलेला,
चारही रात्री जमिलाला फोन.
पोचलो गं. बोटीवरच निजतो.
तिला वाटलं, रुसलाय.

मी कंपनीला कळवलं. त्यांनी अर्ज पाठवला,
त्यात रकाना होता: तक्रारीचं स्वरूप.
तो अजून कोरा आहे.
संध्याकाळी जमिलाच्या घरी गेलो
ते बंद करायला.
फोन वाजला. तिनं उचलला.
खोकला आला, मग तो आवाज.
"बंद करू?" मी खुणेनं विचारलं.
तिनं तळहातानं मला थांबवलं.
"जेवलास का?" तिनं फोनमध्ये विचारलं.
डबा म्हणाला, जेवलो.

बाकीचे एकोणचाळीस अजून चालू आहेत.
मोसम आहे, डिझेलची उधारी आहे,
आणि वळायचं कुठे हे आठवणारे ओट्यावर झोपलेत.

मी मात्र हल्ली पाचच्या सुमाराला
हाजरासोबत पुळणीवर उभा असतो.
अंगठा पेरांवरून सरकवत मोजतो.
सत्तावीसपर्यंत जमतं.
मग पाण्यावरचं ऊन डोळ्यात येतं, होड्या हलतात,
एकीमागे दुसरी लपते.
हाजरा म्हणते, परत.