शेडकार्ड

डॉक्टरांनी चिठ्ठीवर मीठ या शब्दाखाली
दोनदा रेघ ओढली
आणि विडी घरकुलातल्या आमच्या दोन खोल्यांत
अकरा दिवस वरणाला वरण म्हणावंसं वाटलं नाही.

सगळ्यांना एकच पातेलं.
एकट्याचं वेगळं शिजवलं की माणूस आजारी ठरतो,
अम्मा म्हणाली, आणि मिठाची बरणी
वरच्या फळीवर, समईच्या मागे सरकवली.
धाकटा वेणू पहिल्याच घासाला ओरडला, उप्पु लेदु!
नायना काही बोलले नाहीत.
भाकरीचा तुकडा वरणात बुडवून तसाच वर धरला,
जशी भट्टीतून सुताची लड काढून
पाण्यात रंग किती उरला ते बघायचे.

एकतीस वर्षं अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात
ते रंगमास्तर.
व्यापारी नुसती चिंधी टाकायचा पुढे, हा मरून पाहिजे,
आणि नायना पुड्या सोडायला बसायचे.
नखांत महिना महिना निळा राहायचा.
मीठ तर तिथे पोत्यांनी ओतत.
मिठाशिवाय सूत रंग धरत नाही,
मी दहावीत असताना त्यांनीच सांगितलेलं:
रंग पाण्यातच सुखी असतो गं,
मीठ त्याला ढकलतं, जा, सुतात जा.

बाराव्या दिवशी अम्मा विड्या देऊन परतली
तर घरभर खाट,
वेणू खोकतोय, आणि नायना चष्मा कपाळावर चढवून
मिसळणाच्या डब्यासमोर मांडी घालून बसलेले.
फरशीवर सात वाट्या,
प्रत्येकीत पळीभर तेच अळणी वरण.
शेजारी माझी जुनी वही, त्यांचं तिरकं अक्षर:
एक नंबर, लसूण लाल करून.
दोन, चिंच, मेथीचे सात दाणे. कडवट, पण उभं राहतं.
तीन, जिरं आणि काळी मिरी. नाकात जातं, जिभेवर थांबत नाही.
चार, फेल.

हिंग आधी की मोहरी आधी, त्यांना ठाऊक नव्हतं.
अम्माने लगेच सांगितलं नाही.
दारातच उभी, पदराला चिकटलेला तंबाखू झटकत.
मग राहवलं नाही तिला.
मोहरी तडतडू द्या हो,
ती बोलल्याशिवाय कढीपत्त्याने मध्ये पडायचं नसतं.

पाच नंबरला त्यांनी शेंगाचटणी काढली,
बिनमिठाची, मीच कुटलेली, कुणी न खाल्लेली.
पुन्हा उखळात घातली, तेल सुटेपर्यंत कुटली,
भाजलेले कारळे टाकले, वरून लिंबू,
आणि वाटीत ढवळली.
काळसर तांबडा तवंग आला.
ती वाटी घेऊन ते खिडकीशी गेले.
उन्हात धरून चव बघायची सोडून रंगच बघत राहिले,
अम्मा म्हणाली, खा की आता.
त्यांनी बोट बुडवून चाटलं.
जरा फिकं आहे, म्हणाले, पण मॅच होतंय.

पाणी चार दिवसांनी येतं आणि वाट्या सात घासायच्या,
यावर अम्मा रात्री झोपेपर्यंत बोलत होती.
वेणूने मात्र कडक भाकरी चुरून मागितलं, पाच नंबर.
वरण नाही, चटणी नाही, नुसतं पाच नंबर.

तेव्हापासून आमच्याकडे जेवणाला नंबर आहेत.
दोडक्याला सहा.
पाहुणे असले की आठ, त्यात जवस आणि ताक.
सोमवारी उपास सोडताना अम्मा दोन मागते,
कडवट असूनही, की म्हणूनच, मला माहीत नाही.
चार अजून जमलेला नाही.
त्याच्यापुढे वहीत अर्धं पान कोरं ठेवलंय.

परवा फळी पुसताना मिठाची बरणी खाली काढली.
आतलं मीठ दगड झालेलं.
नायनांनी ती कानाशी धरून हलवली,
काही वाजलं नाही.
परत समईमागे ठेवली, हात धोतराला पुसले.
राजमणी, म्हणाले, मेथी संपत आलीय.