लीप वर्षातला बर्च

आमच्या खोऱ्यात एप्रिलच्या शेवटच्या रात्री
पोरं रानातून बर्चचं झाड आणतात,
क्रेप कागदाच्या पट्ट्यांनी नटवतात
आणि जिच्यावर जीव जडलाय तिच्या दाराशी
पागोळीच्या नळाला बांधून येतात.
तीन वर्षं पोरं.
चौथ्या, लीपच्या वर्षी, पोरी.

म्हणून यंदा आमच्या गॅरेजात
सायकली आणि बटाट्यांची पोती सरकवून
एक झाड आडवं पडलंय, शेंडा दाराबाहेर.
कापलेल्या बुंध्यातून अजून पाणी ठिबकतंय.

मेर्ले एकोणीस वर्षांची.
झाड आणायला तिने मला नेलं,
फांद्या धरायला बसवलं,
नाव मात्र सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.
विचारायचं असतं तेव्हा मी हवामानाबद्दल बोलतो.
म्हटलं, पाऊस येईलसं वाटतं.
ती म्हणाली, येऊ दे.

लाल, पिवळा, थोडा निळा.
हिरवा घ्यायचा नाही, पानांत हरवतो.
हे मला सत्याऐंशी साली कुणी सांगितलं नव्हतं.
हिल्ट्रूडच्या दाराशी मी नुसता हिरवागार बर्च लावला,
रात्रभर पाऊस कोसळला,
सकाळी सासऱ्यांच्या पांढऱ्या भिंतीवर
शेवाळाचे ओघळ.
लग्नाआधी मी ती भिंत दोनदा रंगवली.

आता पट्ट्या मीच बांधतो, मेर्ले कापून देते.
दुधाच्या टँकरची नळी आवळताना मारतो तीच गाठ:
दोन वेढे, तिसरा उलटा, शेपूट आत.
सुटत नाही. गावात दुसऱ्या कुणाला येत नाही.
बोटं ओली, कागद कच्च्या रंगाचा,
नखं लाल, तळवे पिवळे.

प्लायवुडचा बदाम मी करवतीने कापून दिला.
त्यावर नाव तिने लिहिलं
भिंतीकडे तोंड करून,
परीक्षेत उत्तर झाकावं तसं.
मग म्हणाली, बाबा, तुम्ही झोपा आता.
अकराच्या पुढे तिची मैत्रीण ट्रॉली घेऊन आली.
मी खिडकीचा दिवा मालवला
आणि अंधारात उभा राहून
चाकं कुठे वळतात ते ऐकलं.
चर्चपर्यंत कळलं. पुढे नाही.

गायींना एक मेची सुट्टी कळत नाही.
पहाटे साडेचारला टँकर काढला.
गावात सात झाडं मोजली.
पाच मुलांच्या दारी, प्रत्येकाचा बाप मला ठाऊक.
सहावं बेकरीच्या मागे, गाठी ढिल्या.
सातवं औषधांच्या दुकानावर,
वरच्या मजल्यावर विर्त्सचं घर.

गाडी थांबवली. इंजिन चालूच ठेवलं.
दोन वेढे, तिसरा उलटा.
बदामावर टेक्ला.
विर्त्सची मधली मुलगी, व्हायोलिनवाली,
शाळेच्या बसमध्ये मेर्लेशेजारी बसायची ती.

काय वाटलं, असं कुणी विचारलं तर
मला नीट सांगता येणार नाही.
बस आठवली. दोघींचं एकच हेडफोन,
एकेक तार एकेकीच्या कानात.
कितीतरी वर्षं ते माझ्या डोळ्यांसमोर होतं.
खालची तार सैल होती, बुंधा नळावर आपटत होता.
सगळ्या गल्लीला जाग आली असती.
उतरलो आणि पक्कडीने आवळली.

तेवढ्यात दार उघडलं.
विर्त्स, अंगात झोपेचा गाऊन, हातात कॉफी.
त्याने झाड पाहिलं. बदाम वाचला.
मग माझी बोटं पाहिली.
मी हात खिशात घालायला हवे होते,
पण एका हातात पक्कड होती.

बराच वेळ तो काही बोलला नाही.
मी म्हटलं, पाऊस येईलसं वाटतं.
त्याने वर पाहिलं, आपल्या भिंतीकडे पाहिलं,
ती पांढरीच आहे.

म्हणाला, महिनाअखेरीला झाड न्यायला येतात
तेव्हा केक मुलीच्या घरचा की मुलाच्या?
मी म्हटलं, विचारून सांगतो.
आणि टँकरमध्ये चढलो.
पुढच्या गोठ्यात उशीर झाला होता.