तळटीप एकोणतीस

त्या दरीतल्या भाषेत
भूतकाळाला दोन शेपट्या.
एक, मी पाहिलं त्याची.
दुसरी, मी ऐकलं त्याची,
आपण ‘म्हणे’ म्हणतो ना, तशी.
फक्त आपलं ‘म्हणे’ वाटलं तर लावायचं,
त्यांचं क्रियापदालाच शिवलेलं.
उसवता येत नाही.

बर्फ वितळून घाट मोकळा झाला की
नेस्तान तिबिलिसीहून निघते.
सोबत रेकॉर्डर, जादा बॅटऱ्या,
संमतीपत्राच्या तीन प्रती,
आणि बाबालेसाठी गुडघ्यांचं मलम,
जे अनुदानाच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही
म्हणून हिशेबात ‘किरकोळ स्टेशनरी’.

पहिल्या उन्हाळ्यात तक्ता भरत आणला.
मी आले, तू आलीस, ती आली.
पाहिलेलं डावीकडे, ऐकलेलं उजवीकडे.
‘जन्मणे’पाशी गाडी अडली.
मी जन्मले, डावीकडची शेपटी लावून?
बाबाले इतकी हसली
की रेकॉर्डरचा लाल दिवा लागला.
“कोण बघतं गं स्वतःला जन्मताना?
मी जन्मले म्हणे. आईवर विश्वास ठेवायचा, झालं.”
आणि ‘मरणे’? प्रथम पुरुष, एकवचन?
“ते विचारायला नंतर ये,”
म्हणत ती चीज उलटायला गेली.

दुसऱ्या उन्हाळ्यात, कोणी विचारलं नसताना,
लोकर पिंजता पिंजता बोलली.
धाकटा भाऊ, तोर्घवा.
समुद्राकडच्या लढाईत पडला.
बाबाले तेव्हा इथेच, मेंढ्यांत,
आणि क्रियापदाला शेपटी डावीकडची.
पाहिल्याची.

नेस्तानने वहीत त्या वाक्याच्या कपाळावर
चांदणी काढली.
तिच्या शास्त्रात चांदणी म्हणजे
असं कोणी बोलत नाही.

प्राध्यापक ओटियांनी हेडफोन लावून ऐकलं,
तीनदा.
“वय झालंय त्यांचं. शेजारच्या भाषेनं शेपट्या झिजवल्यात.
लिही, ऱ्हासाची खूण.”
निनावी परीक्षक क्रमांक दोन यांचं मत:
एका म्हातारीवर सिद्धांत उभा राहत नाही,
आणखी दहा भाषक घ्यावेत.
दरीत सगळे मिळून सात उरलेत.
त्यातले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत.

तिसऱ्या उन्हाळ्यात तिने विचारलंच.
“तू तिथे नव्हतीस. मग ‘म्हणे’ का नाही?”
बाबालेने लोकरीतलं एक कुसळ काढलं,
उजेडात धरून पाहिलं, टाकलं.
“त्याच्यासोबतचं कोणीच परत आलं नाही.
आता सगळ्यांनीच ‘म्हणे’ म्हटलं
तर तो कोणाच्याच डोळ्यांदेखत गेला नाही, असं होईल.
माणसाला असं सोडतात होय?”

ध्वनिफितीत यापुढे चाळीस सेकंद
केटली आहे. लांब एक कुत्रा आहे.
प्रश्न नाही.

नियम करावा तर एवढ्याशा आधारावर कसा,
अपवाद म्हणावं तर जीभ रेटेना.
चांदणी खोडायला गेली
तर वहीचा कागदच फाटला.
शेवटी प्रबंधात ते वाक्य
तळटीप एकोणतीसमध्ये गेलं,
चांदणीशिवाय, आठच्या टायपात.

चौथ्या उन्हाळ्यात छापील प्रत घेऊन गेली.
बाबालेने आधी हात पुसले.
“यात माझा तोर्घवा कुठाय?”
नेस्तानने पानाच्या पार तळाशी बोट ठेवलं.
म्हातारी वाकली, डोळे बारीक केले,
नखाने ती ओळ चाचपली.
“एवढासा?
आणि इतका खाली?
अगं, या दारातून आत येताना
दर वेळी डोकं आपटायचं त्याचं.”

त्या वाक्याला कुठली शेपटी लागली
ते नेस्तानने ऐकलं नाही.
ती दाराकडे बघत होती.