कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूने

रेफिलोए,
किल्ली डावीकडे दोनदा फिरव,
मग दाराला गुडघ्याने एक दे.
या कपाटाला गोडीत सांगितलेलं कळत नाही.

आत टॅब्लेट सतरा. यादीत वीस आहेत.
एक घोड्यावरून आणताना ओढ्यात गेला,
एक खोक्यातून निघाला तो मुकाच,
आणि एकाबद्दल खाली लिहिलंय.

छतावरच्या पॅनेलचं तोंड उत्तरेला आहे, तिथेच राहू दे.
जूनमध्ये त्यावर बर्फ साचेल. झाडूने काढ,
फावड्याने नको.
कोपऱ्यातली ती भेग माझी आहे.

बॅटरीचा दिवा सकाळी हिरवा दिसतो,
त्याच्यावर विसंबू नकोस, दहापर्यंत खडूवर भागव.
आभाळ भरून आलं तर प्रोजेक्टर किंवा टॅब्लेट,
दोन्ही चालणार नाहीत.
मी टॅब्लेट काढायची.
प्रोजेक्टर लावला की एकटी मीच बोलते,
टॅब्लेटवर तिघं-तिघं भांडतात,
आणि भांडण जिंकायला म्हणून का होईना, धडा वाचतात.

प्रोजेक्टर बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत
वायर ओढायची नाही.
तोवर पोरांना आकडे म्हणायला लाव.
आपल्या सेसोथोतले आकडे एवढे लांबलचक
की साठाच्या आतच पंखा झोपतो.

आवाज नाही आला तर आधी बटण बघ,
मग वायर बघ,
मग मागच्या बाकावरच्या त्सेपिसोकडे बघ.

मसेरूहून पत्रं येतात : रोज अपडेट करा.
उंटावरून शेळ्या हाकायच्या त्या अशा.
इथे शेळ्या खऱ्या आहेत
आणि त्या हाकणारे दुसऱ्या ओळीत बसून जांभया देतात.
सिग्नल फक्त चर्चमागच्या दगडावर, त्याच्या डाव्या टोकाला.
शनिवारी सगळे टॅब्लेट ब्लँकेटमध्ये गुंडाळून वर ने
(थंडीत त्यांचा चार्ज पाण्यासारखा उतरतो),
सोबत खायला काहीतरी घे,
वेळ लागतो.

पासवर्ड कुठेही लिहून ठेवायचा नाही, असा नियम आहे.
म्हणून लिहीत नाही.
लिनेओच्या घरच्या गाढवाचं नाव, पुढे त्याचे पाय किती ते.
दरवर्षी बदला म्हणतात.
गाढव बदललं की बदल.

पोरांचे फोटो काढलेस तर घरी विचारल्याशिवाय
कोणाला पाठवू नकोस,
साहेबांनी मागितले तरी.

आता अकरा नंबर.
तो खालच्या कप्प्यात, टॉवेलखाली आहे.
यादीत मी त्याच्यापुढे 'नादुरुस्त' लिहिलं.
खोटं लिहिलं. तूही तेच लिही,
नाहीतर सगळे पुसून कोरे करा म्हणतात त्यात तोही जाईल.
त्यात कत्लेहोचं वाचन आहे, चार मिनिटांचं.
दिवसभर कुरणावर असायचा, अंधार पडल्यावर यायचा,
अंगाला धुराचा वास, बोट ओळीखाली.
मागे कुठेतरी करडू ओरडतंय,
तो 'पर्वत' शब्दावर अडकतो
आणि मध्येच माझा आवाज येतो, जरा तिखट :
पुन्हा वाच.
तो पुन्हा वाचतो.

गेल्या वर्षी मामाबरोबर सीमेपलीकडे कामाला गेला.
फोन नाही.
त्याची आजी शुक्रवारी येते, दुपारी, काठी दाराशी ठेवते.
तिला वाचता येत नाही, बटणही सापडत नाही,
तू दाबून दे.
'पुन्हा वाच' आलं की ती मान डोलावते,
आणि संपलं की तेच मला म्हणते.
दर शुक्रवारी अकरा नंबर पूर्ण भरलेला ठेव,
बाकीचे नसले तरी चालतील.

उंदीर काळी वायर खातात, पांढरी खात नाहीत.
का, ते मला कळलं नाही.

आणि हो,
खडूचा शेवटचा डबा उघडलाय.