चाळीस रुपयांचं कुलूप

त्या शनिवारी बायोलॉजीची टेस्ट लवकर सुटली
आणि तहसीन म्हणाली, चल, आज मरू.
म्हणजे पिच्चरला जाऊ.

लातुरात आम्ही दोघी चारशे सतरा आणि चारशे अठरा.
ती उदगीरची, मी कंधारची, पण ते फक्त फॉर्मवर.
मशीनवर अंगठा टेकला की घरी मेसेज जायचा:
आपला पाल्य पोचला.
मुलगा-मुलगी मशीनला कळत नसे.
क्लासला पोचला, मेसला पोचला, खोलीत पोचला.
वडील डेपोत गाडीखाली आडवे, हात ग्रीसनं काळे,
तरी प्रत्येक मेसेज वाचायचे,
नाकानं फोन उघडून.

पडद्यावर पुढच्या कुठल्या तरी शतकातलं शहर,
वर काचेचं झाकण, दह्याच्या पातेल्यावर ठेवतात तसं.
माणसांना नावं नाहीत. मनगटात एक दाणा पेरलेला,
आणि आभाळातून एक गोड आवाज:
आता जेव, आता झोप, हिच्याशी लग्न कर, त्याला विसर,
तुझ्या भल्यासाठीच सांगते, बेटा.
थेट घुगे मॅडम!
तहसीन एवढी हसली की पुढच्या रांगेतल्या काकांनी वळून बघितलं.

हीरोची कोठडी आमच्या खोलीपेक्षा मोठी होती.
मारामाऱ्या मला आठवत नाहीत.
उडत्या मोटारसायकली होत्या, निळी आग होती,
त्यानं मनोऱ्यावरून उडी मारली तेव्हा शिट्ट्या पडल्या
आणि पंखे बंद पडले.
आठवतं ते एवढंच:
त्यानं दातांनी मनगट फोडलं, दाणा थुंकला,
सगळ्या कोठड्यांची दारं एकदम उघडली,
आणि कोणीच बाहेर आलं नाही.
एक म्हातारी उंबऱ्यापर्यंत आली,
उजेडाला डोळे बारीक केले,
मग आत जाऊन तिनं दार लावून घेतलं. आतून.
कोणीतरी ओरडलं, "अगं मावशे, निघ की भाईर!"

तेवढ्यात सव्वासहा. सातला अंगठा.
शेवट न बघता निघालो.

गंजगोलाईत तहसीनची चप्पल तुटली.
ती मोच्यापाशी बसली, मी गोलाच्या कडेला उभी.
सोळा रस्ते फुटतात तिथून.
दोन वर्षं मी त्यातला एकच चालले होते.
मिरचीचा ठसका, पितळेचा खणखणाट, अत्तरवाला,
आणि त्या दहा मिनिटांत
जगात कोणालाच ठाऊक नव्हतं मी कुठंय.
पाय थरथरत होते.
खरं सांगते, आठवली ती म्हातारी. हीरो नाही.

समोरच्या हार्डवेअरच्या दुकानात शिरले.
कुलूप घेतलं. चाळीस रुपये, दोन किल्ल्या.
"शटरला का दाराला?"
म्हटलं, पेटीला.
पेट्यांना कुलूप चालत नसे आमच्यात.
मॅडम दर रविवारी झाकणं उघडून बघायच्या,
मायेनं, घड्या न मोडता.
तहसीन चिडली: "दारं उघडायचा पिच्चर बगून कुलूप घेतीस व्हय गं?"

सात वाजून चार मिनिटं. आपला पाल्य उशिरा पोचला.
लगेच फोन. पलीकडे इंजिनाची धडधड.
"कामून उशीर झाला?"
"चप्पल तुटली."
"कोणाची?"
मी गप्प. ते पण गप्प.
मग म्हणाले, "बरं. जेव."

रविवारी मॅडमनी कुलूप बोटानं उचललं, सोडलं.
"काय आहे आत?"
दोन ड्रेस होते, शेंगदाण्याची चटणी, बाकी काही नाही.
ते काही नाही मला दाखवायचं नव्हतं.
"किल्ली?"
मी मूठ मागे घेतली.
बस. उडी नाही, निळी आग नाही.

तहसीन आता हैदराबादला लोकांचे दात काढते.
परवा फोनवर म्हणाली, तो पिच्चर पुन्हा बघितला,
शेवट सांगू का?
नको, म्हटलं. ती म्हातारी बाहेर आली का, तेवढं सांग.
"कोण म्हातारी?"