पाच किलो

इस्किएर्दो म्हणजे डावा.
दवाखान्यातल्या डॉक्टरचं आडनाव तेच,
आणि माझं मोडलेलं बोटही डाव्या पायाचं.
त्याला हसू आलं नाही.
हा विनोद त्याने फार वेळा ऐकला असावा.

फिल्म खिडकीच्या उजेडाला धरून म्हणाला,
हाड जुळलंय, आत आता काही नाही.

ते काही नाही घेऊन मी
एकशे त्रेसष्ट पायऱ्या चढतो.

मार्चमध्ये सुटला हातातून सिलिंडर,
पंधरा किलोचा, भरलेला.
कुत्रं आडवं आलं, असं सांगितलं सगळ्यांना.
कुत्रं नव्हतं.
करंगळी शेजारच्या बोटाला पट्टीने बांधली,
सहा आठवडे दोघं एका पांघरुणात,
अबोला धरलेल्या भावांसारखी.
पट्टी सुटली, शेजारचं बोट सगळं विसरलं.
करंगळी नाही.

आता जुलै. वालपराईसोत ऐन थंडी,
खाली बंदरात धुकं, बोटींचे भोंगे.
बूट चढवण्याआधी आत हात घालून बघतो,
जसं काही कुणी निजलंय तिथं.
दुखणं म्हणाल तर नखाएवढं.
पण त्याला जपून पाऊल तिरकं पडतं,
मग टाच कुरकुरते, मग गुडघा,
रात्री कंबर.
एका करंगळीने अख्खं घर कामाला लावलंय.
पुढच्याला ठेच लागली की मागचा शहाणा होतो म्हणे;
माझा उजवा नुसता थकला.

चौथ्या वळणावर पिवळ्या पत्र्याच्या घरात
दोन्या एतेल्विना.
मे महिन्यात तिने मला कठडा धरून येताना पाहिलं.
पुढच्या खेपेला म्हणाली,
रेमीहियो, मला आता पाच किलोचा पुरे,
एकटीचा स्वयंपाक तो केवढा!

पाच किलो दहा दिवसांत संपतात.
महिन्यातून एकदा चढायचो
तिथं आता तीनदा.

हिशेब चुकला असेल, असं पहिल्यांदा वाटलं.
मग आठवलं, तिने चाळीस वर्षं
खालच्या शाळेत गणितच शिकवलंय.

मी विचारलं नाही. तीही बोलत नाही.

बाकीच्या गल्ल्यांत पाना आपटत जातो सिलिंडरवर,
टण टण, टण टण, मग खिडक्या उघडतात.
तिच्या वळणावर पाना खिशातच.
एक पाऊल जड, एक चोरटं,
एवढ्यावर तिचं दार उघडं असतं
आणि दाराशी खुर्ची.

दुखतं का अजून?
हवा बदलली की दुखतं.
इथं तर हवा रोजच बदलते, ती म्हणते
आणि किटली ठेवते
उरल्यासुरल्या गॅसवर.

मी खांद्यावरचा उतरवतो, सावकाश.
टेकवण्याआधी वाकून बघतो
बोट कुठे आहे ते.